मामांचं नाहरकत

गळ टाकून बसलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही, हा शोध खुर्शीदभाईंना साठी उलटल्यावर लागला. नुसतं पाण्याकाठी बसलेल्या माणसाला मात्र सगळे सगळं विचारतात. तब्येत बरी आहे का, घरी काही झालं का, सून नीट बघते का, बस चुकली का. एकदा एका भल्या माणसानं त्यांना तलावाच्या पाळीवरून हाताला धरून खाली उतरवलं होतं आणि आयुष्य किती मोलाचं आहे हे समजावत थेट बस थांब्यापर्यंत आणून सोडलं होतं. खुर्शीदभाईंना त्या दिवशी फक्त बसायचं होतं. पुढच्या खेपेला त्यांनी चामोर्शीच्या बाजारातून बांबूची काठी, दोरा आणि एक आकडा विकत घेतला आणि काठी पाण्यावर धरून बसले. तेव्हापासून त्यांच्याकडे कोणी वळून पाहिलं नाही. रिकामा बसलेला म्हातारा हा काळजीचा विषय असतो, आणि काठी धरून बसलेला म्हातारा कामात असतो.

चंद्रपुरात पठाणपुऱ्याकडच्या गल्लीत त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. ते आता मुलगा नदीम चालवतो, म्हणजे मोबाइलची कव्हरं विकतो आणि चुकून एखादं मशीन आलंच तर वडिलांना हाक मारतो. घरात खुर्शीदभाईंच्या आरामाची सगळ्यांना फार काळजी. त्यांची खुर्ची पंख्याखाली ठेवतात. पंख्याखाली नातवंडांचा अभ्यास असतो म्हणून ती भिंतीकडे सरकवतात. भिंतीकडे सून निशात कपडे वाळत घालते म्हणून आणखी सरकवतात. संध्याकाळपर्यंत खुर्ची दारात आलेली असते आणि खुर्शीदभाई उठून उभे असतात. आराम करून माणूस किती थकतो, हे कामाधंद्याच्या लोकांना सांगून समजत नाही.

म्हणून बुधवार. बुधवारी सकाळी ते मूल गावावरून जाणारी बस धरायचे, वैनगंगेचा पूल ओलांडला की जिल्हा बदलायचा, आणि चामोर्शीच्या पुढं भिवटोल्याला उतरायचे. तिथं सोमाजी असायचा. सोमाजी धानाचा शेतकरी. त्याच्या बायकोचं, सुगंधाबाईचं मशीन खुर्शीदभाईंनी इतक्या वेळा दुरुस्त केलं होतं की शेवटी मशीन बंद पडलं आणि येणंजाणं चालू राहिलं. सोमाजीला ऐकू कमी येतं आणि खुर्शीदभाईंना बोलायला कमी आवडतं. अशा दोन माणसांची मैत्री मोडायला काही कारणच उरत नाही. दोघं मामा तलावाच्या पाळीवर मोहाच्या झाडाखाली बसायचे. मासोळी क्वचित लागायची. लागली तर दोघांनाही थोडं अवघडल्यासारखं व्हायचं आणि ते तिला परत सोडून द्यायचे.

मामा तलाव इकडे गावोगाव आहेत. मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळात बांधलेले ते माजी मालगुजारी तलाव. कागदावर ‘मा. मा. तलाव’ असं लिहून लिहून सरकारनं त्याचा मामा केला, आणि लोकांनीही हरकत न घेता मामा म्हणायला सुरुवात केली. इथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. बाहेरून आलेल्याला नसतं. पुढचं सगळं त्यातून झालं.

मे महिन्यातल्या एका बुधवारी डोमा पाळीवर आला. डोमा हा गावातल्या ढिवरांच्या मच्छीमार संस्थेचा सचिव. तलाव संस्थेकडे ठेक्यानं आहे. डोमा बराच वेळ मोहाच्या झाडाकडे बघत उभा राहिला, मग म्हणाला,

“चाचा, गरी ठेवून घ्या लागते मले.” गळाला तिकडे गरी म्हणतात.

“काऊन?”

“नवीन नियम आला. शौकानं मासोळी धरणाऱ्याले लायसन पायजे. बिनालायसनचा माणूस आम्ही बसू देल्ला तं आमचा ठेका जाते.”

“मी कुठी मासोळी धरतो, डोमा?”

“मले माहीत आहे, चाचा. पुऱ्या गावाले माहीत आहे. नियमाले माहीत नाई.”

“काय म्हणते?” सोमाजीनं विचारलं.

“गरी नेतो म्हणते,” खुर्शीदभाई मोठ्यानं म्हणाले.

“ने म्हणा. पण धुऊन आणून देजो म्हणा,” सोमाजी म्हणाला. त्याला ‘गरी’चं घोंगडी ऐकू आलं होतं की सदरी, हे कोणी विचारलं नाही.

डोमानं काठी घरी नेऊन छपराखाली आडवी टांगली आणि वाईट वाटून दोघांना चहा पाजला.

पुढच्या बुधवारी दोघं काठीशिवाय बसले. पहिल्यांदा एक मोटारसायकलवाला थांबला आणि कोणाची वाट पाहून राह्यले का, असं विचारून गेला. मग तेंदूपानं जमा करायच्या फळीवरून परतणाऱ्या बाया थांबल्या आणि सुगंधाबाईशी भांडण झालं का, असं विचारून हसत गेल्या. शेवटी आरोग्य खात्याची आशाताई आली आणि दोघांचं बीपी मोजून गेली. खुर्शीदभाईंचं वाढलेलं निघालं. ते येताना वाढलेलं नव्हतं.

“असं नाई जमत, सोमाजीभाऊ,” खुर्शीदभाई म्हणाले. “लायसन काढा लागन.”

“काढा ना. कोणाचं काढता?”

पाऊस लागला की मासोळ्यांचे अंडी घालायचे दिवस, तेव्हा बंदी. म्हणजे जे काही बसणं व्हायचं ते त्याच्या आत. खुर्शीदभाईंनी दुसऱ्याच दिवशी चंद्रपुरात चौकशी केली. दोन्ही जिल्ह्यांसाठी मिळून एक ‘हौशी मासेमारी परवाना कक्ष’ नव्यानं उघडला होता, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या माळ्यावर. जिना चढताना खुर्शीदभाई दोनदा थांबले. हौस असणाऱ्यालाच परवाना मिळावा म्हणून जिना तसा ठेवला असेल, असं त्यांना वाटलं.

आत एकच माणूस होता. राजदीप नावाचा, तिशीचा, साताऱ्याकडचा. त्याला इथं येऊन आठवडा झाला होता, आणि आपली बढती झाली की शिक्षा, हे त्याला अजून उमगलेलं नव्हतं. उन्हानं त्याचा चेहरा भाजून निघाला होता. समोर कूलर होता, त्यात पाणी नव्हतं, आणि पाणी भरण्यासाठी कोणाला तरी पत्र लिहायचं होतं.

“बसा काका,” तो म्हणाला. तो माणूस वाईट नव्हता, हे इथंच सांगून टाकलेलं बरं. “प्रवर्ग कोणता? हौशी, स्पर्धक की पर्यटक?”

“फरक काय त्याच्यात?”

“फीचा. हौशी दोनशे, स्पर्धक पाचशे, पर्यटक हजार. ज्येष्ठांना हौसेत निम्मी सवलत.”

“म्हणजे माही हौस शंभराची.”

“वर्षाला.”

भाव वाजवी होता. खुर्शीदभाईंनी मान हलवली. राजदीप कॉम्प्युटरवर एकेक रकाना भरू लागला.

“वर्षाला अंदाजे किती किलो मासे धरता?”

“नाई धरत.”

“शून्य घेत नाही हे. कमीत कमी एक किलो.”

“मंग एक लिहा.”

“पण धराल ना?”

“कोशिश करीन,” खुर्शीदभाई म्हणाले. ही त्या दिवशीची पहिली खोटी गोष्ट, आणि तीही त्यांनी मान खाली घालून सांगितली.

“हौसेचं कारण? यात मनोरंजन आहे, आरोग्य आहे, संशोधन आहे.”

“बसणं नाई का त्याच्यात?”

राजदीपनं यादी वरखाली करून पाहिली. “बसणं नाही. आरोग्य घालतो.”

“घाला.”

“कुठल्या पाण्यात धरणार?”

“मामा तलाव, भिवटोला.”

राजदीपनं टाइप केलं. बराच वेळ टाइप केलं. एक बटन दाबलं आणि मागं टेकून बसला.

“झालं. आता फक्त तुमच्या मामांचं नाहरकत आणा.”

“माह्या मामाचं?”

“तलाव त्यांचा आहे ना? खाजगी जलाशयाला मालकाची नाहरकत लागते.”

खुर्शीदभाईंच्या डोळ्यांपुढं त्यांचे मामा उभे राहिले. बल्लारशाला रेल्वेत होते. तलाव सोडा, त्यांच्या नावावर कधी बादली नव्हती, ती पण रेल्वेची होती.

“माहे मामा वारले, साहेब. जमाना झाला.”

“अरेरे. मग वारसांचं चालेल.”

तेव्हा खुर्शीदभाईंनी सावकाश, जसं मशीनच्या गिऱ्हाईकाला सुई उलटी बसवल्याचं सांगतात तसं, माजी मालगुजारी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. राजदीप ऐकत गेला तसतसा त्याचा भाजलेला चेहरा आणखी लाल झाला. त्यानं घाईनं कॉम्प्युटरकडे तोंड वळवलं. मागं जायचं बटन दाबलं. कॉम्प्युटर मागं गेला नाही. दुसरं बटन दाबलं. तिथं स्वच्छ लिहिलं होतं : जलाशय खाजगी, मालकाशी नाते : मामा.

“हे खोडता नाई येत?”

“साहेबांच्या लॉगिनमधून येतं. साहेब प्रशिक्षणाला गेलेत.”

“कधी येतात?”

“ते येतील तेव्हा पाऊस लागलेला असेल. मग पोर्टल बंद.”

“दुसरा अर्ज भरा ना मंग.”

“एका आधारवर एकच. आधीचा निकाली निघाल्याशिवाय दुसरा घेत नाही.”

खाली रस्त्यावर ऑटोवाले ओरडत होते. राजदीपनं दाराकडे पाहिलं, तिथं कोणी नव्हतं, तरी आवाज खाली आणला.

“काका, तो तलाव ज्या संस्थेकडे आहे, तिच्या अध्यक्षाला गावात कोणी मामा वगैरे म्हणत असेल का? मी काही सुचवत नाही. मला फक्त एक सही लागते. मीही थकलोय हो.”

आणि गंमत अशी की म्हणत होते. संस्थेच्या अध्यक्षाला सगळं भिवटोला पोचूमामा म्हणायचं. त्याची बहीण गावात दिलेली, तिला पोरं भरपूर, त्यांच्या तोंडून नाव पसरलं आणि गावभर झालं. अडचण एवढीच होती की पोचूमामाला शौकीन लोकांचा मनापासून तिटकारा होता. आणि तो खुर्शीदभाईंपेक्षा चांगला दहा-बारा वर्षांनी लहान होता.

बुधवारी खुर्शीदभाई, सोमाजी आणि डोमा असे तिघं पोचूमामाच्या अंगणात गेले. तो जाळं विणत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

“मामा, चाचाले एक सही पायजे,” डोमा म्हणाला आणि सगळी हकीकत सांगितली.

पोचूनं एक गाठ मारली, ओढून पाहिली.

“हिवाळ्यात सकाळच्या पारी छातीभर पाण्यात उभा राह्यते आमचा माणूस,” तो म्हणाला. “बोटं सुन्न पडते. अन् तुम्ही त्याचा शौक करता. उद्या कोणी म्हणन मले धान रोवण्याचा शौक आहे, माही फी घ्या अन् मले चिखलात उतरू द्या.”

“पोचूभाऊ, मले मासोळीचा शौक नाई,” खुर्शीदभाई म्हणाले. “मले बसाचा शौक आहे.”

“मंग बसा ना. कोणं अडवलं?”

“गरी नसली तं लोक बसू देत नाई.”

पोचूचा हात थांबला. त्यानं पहिल्यांदा खुर्शीदभाईंकडे नीट पाहिलं. मग आपल्या हातातल्या जाळ्याकडे पाहिलं. जाळं तसं विणून झालेलं होतं. फाटलेलं कुठं दिसत नव्हतं. गाठी नुसत्याच सोडल्या आणि मारल्या जात होत्या.

“ते खरं आहे,” तो म्हणाला.

आतून बायकोचा आवाज आला, “झालं का जाळं?”

“होते,” पोचू म्हणाला आणि आणखी एक गाठ सोडली.

मग तो डोमाला म्हणाला, “सही करतो मी. पण खोटी नाई करत.”

“खोटी कुठची, मामा? तुम्हाले मामा म्हणतेच ना सारे.”

“म्हणणं येगळं. कागदावर लिहिलं तं व्हा लागते. कागद जाते साहेबापाशी, साहेब जाते बदलून. इथी मीच राह्यतो.” तो खुर्शीदभाईंकडे वळला. “तुमच्या मायचं नाव काय?”

“रूहीबी.”

“कुठची?”

“माहेर मूलचं.”

“आहे?”

“नाई. गेली.”

पोचूनं घराकडे तोंड करून हाक दिली, “अवो, आयकलं का? मूलची रूहीबी आजपासून माही बहीण होय. वारली ते.”

आत भांड्यांचा आवाज थांबला.

“कधी?”

“लय वर्षं झाले.”

“मंग मले आत्ता सांगता?” बायको म्हणाली आणि बाहेर येऊन, डोक्यावरचा पदर नीट करून, खुर्शीदभाईंसमोर थोडा वेळ गप्प उभी राहिली, जशी दुखवट्याच्या घरी राहतात.

आईचं नाव दुसऱ्या कोणाच्या तोंडून खुर्शीदभाईंनी किती वर्षांत ऐकलं नव्हतं. घरी ती ‘दादी’ होती, आणि आता तीही भिंतीवरून काढून कपाटात ठेवलेली होती, कारण भिंतीवर टीव्ही आला होता.

“काय झालं?” सोमाजीनं विचारलं.

“चाचाची माय वारली,” डोमा त्याच्या कानाशी म्हणाला.

“अरे,” सोमाजी म्हणाला. “सकाळी काहीच बोलले नाई बिचारे.”

पोचूच्या बायकोनं आतून नवा दुपट्टा आणला. बहीण असती तर लुगडं झालं असतं. बहीण नाही तर भाच्याच्या खांद्यावर दुपट्टा. तो खांद्यावर घालून पोचू वाकला. आता इकडची रीत अशी की मामा भाच्याच्या पाया पडतो. भाचा वयानं, मानानं कसाही असो, तो मामाला देवासारखा. उलट खुर्शीदभाईंच्या घरी माणसानं माणसापुढं वाकणं बसत नाही. ते दचकून खाली वाकले आणि पोचूचे हात धरले. तो खाली जाईना, हे वर येऊ देईनात. अखेर दोघांची गुडघ्याच्या उंचीवर तडजोड झाली, आणि दोघंही कंबरेला हात लावत सरळ झाले. डोमानं कागद पुढं केला. पोचूनं सही केली, संस्थेचा शिक्का मारला आणि म्हणाला,

“आता जाऊ नका लवकर. भासा मामाच्या घरून जेवल्याबिगर जात नाई.”

गुरुवारी खुर्शीदभाई पुन्हा तो जिना चढले. या खेपेला तीनदा थांबले. राजदीपनं कागद घेतला, वाचला.

“मामा तुमच्याहून लहान आहेत, काका.”

“असते तसं.”

“हो, आमच्याकडंही असतं.” त्यानं दोन्ही नावं वाचली. पोचूचं नाव वाचलं, खुर्शीदभाईंचं वाचलं, पुन्हा पोचूचं वाचलं. त्यानं काही विचारायला तोंड उघडलं. मग पडद्यावर बघितलं. त्या प्रश्नासाठी रकाना नव्हता. त्यानं तोंड मिटलं, आणि माझ्या मते त्या कक्षात त्या महिन्यात झालेलं सगळ्यात शहाणपणाचं काम ते होतं.

फी भरली. बटन दाबलं. पडद्यावर एक चक्र फिरू लागलं. दोघं ते फिरताना बघत बसले. ते थांबलं आणि लाल अक्षरं आली. राजदीपनं ती आधी मनात वाचली, मग चष्मा काढून पुसला आणि मोठ्यानं वाचली.

“अर्जदार हा संस्थेच्या पदाधिकाऱ्याचा निकटचा नातेवाईक असल्याने हौशी परवान्यास अपात्र.”

“म्हणजे?”

“म्हणजे अध्यक्षानं आपल्या भाच्याला फुकटात हौस करून देऊ नये म्हणून नियम आहे. नियम चांगला आहे तसा.”

“पण मामा तं तुम्हीच आणाले लावला.”

“हो.”

“काढून टाका ना मंग त्याले.”

“नातं काढता येत नाही, काका. जोडता येतं. काढायला साहेबांचं लॉगिन.”

खुर्शीदभाईंनी डोळे मिटले. त्यांना राग आला नाही. रागाला जे लागतं ते जिन्यावरच खर्च झालं होतं. त्यांना फक्त मोहाचं झाड दिसलं, आणि त्याच्याखाली बीपीचं यंत्र घेऊन उभी असलेली आशाताई दिसली.

“फी?” त्यांनी विचारलं, उगाच, विचारायचं म्हणून.

“परत मिळत नाही.”

“म्हणजे हौस गेली अन् हौसेचे पैसेबी गेले.”

राजदीप पडदा खाली खाली सरकवत होता. लाल अक्षरांच्या खाली काळी बारीक अक्षरं होती, जी कोणी वाचत नाही. त्यानं वाचली, कारण कूलर बंद होता आणि दुसरं काही काम नव्हतं.

“काका, एक मिनिट. इथं असं आहे, पदाधिकाऱ्याच्या नात्यातल्या माणसाला त्या पाण्यावर परवाना लागतच नाही. त्याची मासेमारी उपजीविकेची समजतात. कुटुंबातली.”

“साध्या बोलीत सांगा, साहेब. मी थकलो.”

“तुम्ही तिथं बसू शकता. गळ टाकू शकता. कोणी अडवू शकत नाही. फक्त,” राजदीप थोडा घुटमळला, “हौसेनं नाही बसता येणार.”

“मंग कायनं बसू?”

“पोटापाण्यासाठी.”

खुर्शीदभाई उठले. दारापाशी जाऊन वळले.

“साहेब, तुम्ही जेवता कुठी?”

“डबा लावलाय. बरा नसतो.”

“बुधवारी सुट्टी काढून या कधी. माह्या मामाच्या घरी मासोळी चांगली करते.”

त्यानंतरच्या बुधवारी डोमानं छपराखालची काठी उतरवून दिली आणि मनापासून आनंद व्यक्त केला. खुर्शीदभाई काठी घेऊन पाळीवर बसले. सोमाजी शेजारी बसला. पाणी आटून खूप खाली गेलं होतं, आकडा चिखलात पडत होता. दुपारी पोचूमामा आला. तो पाळीवर उभा राहून भाच्याच्या काठीकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून त्याला किती सहन करावं लागत आहे ते कळत होतं. जाताना मात्र त्यानं सागाच्या पानात गुंडाळलेली मोठी मरळ मासोळी खुर्शीदभाईंच्या पिशवीत घातली.

“हे कायले, मामा?”

“भासा रिकाम्या हातानं जात नाई.”

तिथून एक नवीन भानगड सुरू झाली. खुर्शीदभाई इतकी वर्षं मासोळी धरायला जात होते आणि घरी कधी काटाही आला नव्हता. आता दर बुधवारी पिशवीतून मरळ निघू लागली. नदीमनं शेजाऱ्यांना सांगितलं की अब्बांचा हात आता बसला. निशातनं साफ करण्याबद्दल कुरकुर केली आणि रस्सा दोनदा वाढून घेतला. पुढच्या आठवड्यात तिची बहीण येणार होती, तेव्हा तिनं सांगितलं, “अब्बा, अबकी बार दो लाना.” नातवानं तर काय लावतात आकड्याला, कणीक की गांडूळ, असं विचारलं, आणि खुर्शीदभाईंनी त्याच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला. कॉम्प्युटर खरं बोलत होता, असं त्यांना वाटलं. ही हौस राहिली नव्हती. ही उपजीविका होती, आणि ती पाच माणसांची होती.

पाऊस लागायच्या आधीचा शेवटचा बुधवार. आभाळ भरून होतं आणि उकाड्यानं जीव नको झाला होता. खुर्शीदभाई डोमाच्या घरावरून गेले. काठी छपराखाली टांगलेली होती. आता ती ते तिथंच ठेवत, बसमध्ये सांभाळायला नको म्हणून.

“चाचा, गरी?” डोमानं आतून विचारलं. “उद्यापासून बंदी लागते. आज घेऊन घ्या.”

खुर्शीदभाईंनी हात वर केला. काठी उंच होती, टाच उचलावी लागत होती. त्यांनी अर्ध्यात हात खाली घेतला.

“राहू दे आज,” ते म्हणाले.

पाळीवर सोमाजी आधीच येऊन बसला होता. त्यानं काठी दिसली नाही तेव्हा इकडेतिकडे पाहिलं, पण विचारलं नाही. दोघं बसले. मोहाची पानं हलत नव्हती. पाण्यावर बगळे दोन पायांवर उभं राहायचाही कंटाळा करत होते. खाली पोचूमामाच्या घरातून मसाला वाटल्याचा आवाज येत होता, आणि पोचू स्वतः अंगणात धड जाळं घेऊन बसला होता.

तेवढ्यात वाटेवर एक मोटारसायकल थांबली. मागं पोती बांधलेली, माणूस परगावचा. त्यानं दोन म्हाताऱ्यांकडे पाहिलं, रिकाम्या पाण्याकडे पाहिलं, आणि इंजिन बंद केलं. खुर्शीदभाईंना पुढचं सगळं पाठ होतं.

“काय बावा,” माणूस म्हणाला, “इथी काऊन बसून राह्यले? तब्येत गिब्येत बरी आहे ना?”

खुर्शीदभाई उत्तर द्यायला श्वास घेत होते. सोमाजीनं हा प्रश्न मात्र बरोबर ऐकला.

“त्यायच्या मामाचं गाव होय हे,” तो म्हणाला.

“अस्सं,” माणूस म्हणाला. “मंग बसा, बसा.”

त्यानं गाडी चालू केली आणि गेला.